हेम्पच्या दुकानाचे टी-शर्ट, पिशव्या आणि दस्त्या: माल छापायला टाकण्याआधी

जालन्याच्या एका तरुण नवरा-बायकोने विचारलं आहे. त्यांचं हेम्पच्या, म्हणजे गांजाच्याच जातीच्या झाडाच्या, बियांच्या खाद्यपदार्थांचं छोटं दुकान आहे. सोललेलं बी, तेल, पीठ आणि कोरडी चटणी ते विकतात. माल उत्तराखंडातून येतो, अन्न परवाना आहे, गिऱ्हाईक हळूहळू जमलं आहे. आता स्वतःच्या नावाचे टी-शर्ट, टोप्या आणि चहा-कॉफीचे मग काढायचे आहेत. त्यासाठी दीड लाख रुपये बाजूला ठेवलेत. तिरुप्पूरच्या एका कारखान्याने पाचशे टी-शर्टांचा भाव दिला आहे आणि छातीवर मोठ्ठं हिरवं पान असलेलं डिझाइन तयार आहे. पिशवीसाठी त्यांना 'पेरते व्हा' ही ओळ सुचली आहे. ऑर्डर देऊ का, नाव कसं राखू, विकू कुठे, असे त्यांचे प्रश्न आहेत.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याला माझा छपाई-शिलाईचा कारखाना आहे. बियाणे कंपन्या, दूध संघ, शाळा, हॉटेलं यांच्या नावाचे कपडे आणि पिशव्या आम्ही बरीच वर्षं करतो. हेम्पवाल्यांचंही काम केलं आहे. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते: तिरुप्पूरची ऑर्डर देऊ नका. पान काढा. 'पेरते व्हा' काढा. आणि सुरुवात टी-शर्टाने करू नका, पिशवीने करा. आता कारणं सांगते.

पानापासून सुरू करू, कारण तुमचा सगळा जीव त्या पानात अडकलेला दिसतो. तुमचा धंदा कशावर उभा आहे ते बघा. १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यात, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. बी आणि पानं त्या शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. त्या फटीतून बियांचा व्यापार शक्य झाला. पुढे नोव्हेंबर २०२१मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने, हेम्पचं बी, बियांचं तेल आणि बियांचं पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. त्यातही अट आहे: नशा आणणारं टीएचसी बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा आणि तेलात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. दुसरी अट तुमच्या डिझाइनच्या थेट आड येते. या पदार्थाला नशेचा गुण आहे असं प्रत्यक्ष किंवा आडवळणाने सुचेल अशा रीतीने तो विक्रीला मांडता येत नाही.

पानाचा टी-शर्ट घालणं हा काही गुन्हा नाही. हातगाडीवर तसले टी-शर्ट टांगलेले कुठल्याही शहरात दिसतात. पण हातगाडीवाल्याकडे मागच्या खोलीत बियांची पोती नसतात. तुमच्याकडे आहेत. त्याच गल्ल्यावर एका बाजूला बियांच्या पुड्या आणि दुसऱ्या बाजूला छातीवर पान, असं दृश्य एखाद्या तपासणीला आलेल्या माणसाने पाहिलं, तर तुमच्या प्रयोगशाळेच्या अहवालाआधी तो त्या पानाकडे बघेल. तुम्ही कष्टाने गोळा केलेले सगळे कागद मग खुलासे देण्यात खर्ची पडतात.

आणि गिऱ्हाइकाचं काय? तुम्ही लिहिलं आहे की तुमचे निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक चाळिशीपुढचे आहेत. सांधे धरलेत म्हणून कुणी तेल नेतं, प्रथिनं हवीत म्हणून कुणी बी भाकरीच्या पिठात मिसळतं. ही माणसं पान छापलेली वस्तू घरात नेतील का? सासऱ्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, बँकेत जाताना ती वापरतील का? वापरणार नसतील तर वस्तू कपाटात जाईल, आणि कपाटातल्या वस्तूने कुठल्याच दुकानाचं नाव होत नाही.

एक गंमतीची नाही, उपयोगाची गोष्ट सांगते. आपल्याकडच्या अंबाडीच्या एका जातीचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस आहे, कारण तिचं पान गांजाच्या पानासारखं बोटाबोटांचं असतं. एका प्रदर्शनात एका हेम्पवाल्याच्या फलकावर असं पान होतं. वयस्कर बायका येऊन अंबाडीची भाजी आहे का विचारायच्या, आणि कॉलेजची पोरं येऊन भलतंच विचारायची. बी घ्यायला आलेला माणूस मात्र लांबूनच निघून जायचा. म्हणजे ते पान हव्या त्या गिऱ्हाइकाला काहीच सांगत नव्हतं. त्याने पुढच्या खेपेला फलकावर नुसतं बी दाखवलं. करडं-तपकिरी, ठिपक्यांचं, वाटाण्याहून लहान बी. चित्र म्हणून ते पानापेक्षा कितीतरी देखणं आहे, आणि तुम्ही विकता तेच आहे. तुमच्या बोधचिन्हात तेच घ्या.

अमेरिकेतल्या दुकानांचे फोटो तुम्ही पाठवलेत. कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४पासून गांजाची दुकानं उघडपणे सुरू झाली आणि त्यांच्या टोप्या-टी-शर्टांचा बाजार खरंच मोठा झाला. पण तिथलं कारण वेगळं आहे. राज्याने परवानगी दिली तरी केंद्राचा कायदा गांजाला बेकायदाच मानत राहिला, म्हणून तिथलं ट्रेडमार्क कार्यालय गांजाच्या मालासाठी नाव नोंदवत नाही. मग दुकानदारांनी तेच नाव कपड्यांसाठी नोंदवलं. देशपातळीवर हक्क सांगायला त्यांच्याकडे टी-शर्टच होता. तुमची ती अडचण नाही. तुमचं बी इथे कायदेशीर अन्न आहे, त्याचं नाव तुम्ही सरळ अन्नाच्या वर्गात नोंदवू शकता. कॅनडाचं उदाहरण जास्त घेण्यासारखं आहे. तिथे ऑक्टोबर २०१८पासून गांजा कायदेशीर आहे, तरीही दुसऱ्या वस्तूंवर गांजाच्या कंपनीचं नाव छापताना दोन बंधनं आहेत: ती वस्तू अल्पवयीनांशी जोडलेली किंवा त्यांना भुलवणारी नको, आणि तिच्यातून चैन, थरार, धाडस असली जीवनशैली सुचायला नको. जिथे सगळं खुलं आहे तिथे हा नियम असेल, तर आपण इथे स्वतःहून तो पाळावा असं मला मनापासून वाटतं.

त्यातलं अल्पवयीनांचं बंधन तर अक्षरशः पाळा. लहान मापाचे कपडे काढू नका. कॉलेजच्या गॅदरिंगला प्रायोजक होऊ नका. तुमचा पुढचा विचार लातूरला स्टॉल लावायचा आहे, तर शिकवणीच्या वर्गांच्या रस्त्यावर तो लावू नका. गावाकडून जमीन गहाण ठेवून पोराला तिथे पाठवणारे आईबाप मी माझ्याच कारखान्यात कामाला असलेले पाहते. अशा पोराच्या अंगावर तुमच्या दुकानाचं नाव आणि डोक्यात गांजाची कल्पना एकत्र बसली, तर ते नुकसान तुमच्या विक्रीच्या आकड्यात दिसणार नाही, पण ते खरं असेल.

महाशिवरात्रीचा मोहही आवरा. मराठवाड्यात घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ अशी तीन ज्योतिर्लिंगं आहेत, यात्रांना लोटणारी गर्दी डोळ्यांसमोर येते आणि चिलीम घेतलेल्या महादेवाचं चित्र कुणीतरी सुचवतंच. एक तर ट्रेडमार्क कायद्याच्या नवव्या कलमात धार्मिक भावना दुखावतील अशा चिन्हांना नोंदणी मिळत नाही. दुसरं म्हणजे, परळीच्या रस्त्यावर अनवाणी चालणाऱ्या माणसाचा देव तुमच्या जाहिरातीसाठी नाही. तसंच ते परदेशी '४२०'. तिकडे तो गांजावाल्यांचा संकेत असेल, इथे चारसोबीस म्हटलं की लोकांना फसवणूक आठवते. टोपीवर ते छापून खाद्यपदार्थ विकायला बसायचं कशाला?

आता 'पेरते व्हा'. पावशा पक्ष्याची हाक, आषाढाच्या तोंडावरची, आपल्याकडे प्रत्येकाच्या कानात बसलेली. बियाणे कंपनीसाठी असती तर मी ती ओळ लगेच छापली असती. पण तुमचं बी पेरायचं नाही. खायचं आहे. परवानगीशिवाय या झाडाची लागवड केली तर एनडीपीएसच्या विसाव्या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. धागा आणि बियांसाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं अशी सोय चौदाव्या कलमात आहे, आणि उत्तराखंडने २०१८मध्ये त्या वाटेने परवाने देणं सुरू केलं. पण जालन्याच्या शेतकऱ्याने परवानगीशिवाय तुरीच्या ओळीत चार झाडं लावली तर त्याचं कुणी ऐकून घेणार नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या मेळाव्याला तुम्ही गेलात की प्रत्येक तिसरा शेतकरी पिशवी हातात घेऊन विचारणार, 'हे आमच्याकडे येईल का? पेरायला मिळेल का?' कापूस-सोयाबीनच्या भावाने गांजलेला माणूस आहे तो, नवीन पिकाचं नाव ऐकून त्याचे डोळे चमकतात. त्याला चुकीची आशा लावू नका. पोस्टकार्डाएवढं एक कार्ड छापा: हे बी खाण्यासाठी आहे, पेरण्यासाठी नाही, आणि परवानगीशिवाय लागवडीला काय शिक्षा आहे. प्रत्येक पिशवीत ते टाका. तुमच्या सगळ्या मर्चंडाइजमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गरजेची वस्तू ती असेल.

आता मालाकडे येते.

तिरुप्पूरचे पाचशे टी-शर्ट म्हणजे पाच मापं, दोन रंग, असे दहा प्रकार. प्रत्येकाचे पन्नास. पहिल्या महिन्यात लार्ज संपतो, एक्स्ट्रा लार्ज संपतो, आणि स्मॉल व डबल एक्सएलचे गठ्ठे तसेच राहतात. गिऱ्हाईक येतं, त्याचं माप नसतं, ते परत जातं, आणि तुमचे सव्वा लाख रुपये मात्र रॅकवर पडून असतात. पिशवीला माप नाही. दस्तीला, म्हणजे डोक्याला बांधायच्या रुमालाला, माप नाही. म्हणून नव्या माणसाने आधी बिनमापाचा माल करावा.

पिशवी इथे चालते याला आणखी कारण आहे. २०१८मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून चांगली कापडी पिशवी लोक सांभाळून ठेवतात. ती सोमवारच्या बाजारात जाते, दवाखान्यात जाते, एसटीत मांडीवर बसते. मात्र ती चांगली हवी. जाहिरातीत फुकट वाटतात तसली पातळ, दोन आठवड्यांत शिवण उसवणारी पिशवी तुमच्या नावाने फिरू लागली तर लोक म्हणतील, चटणीही असलीच असेल.

चांगली म्हणजे कशी, ते एकाच ठिकाणी बघा: बंद जिथे शिवला आहे तिथे. तिथे चौकोनी शिवण आणि त्यात फुली हवी, आणि बंदाचं टोक वरच्या दुमडीच्या आत दोन बोटं तरी गेलेलं हवं. नुसत्या दोन सरळ टीपा घातल्या असतील तर पिशवी परत करा. आमच्याकडे नमुन्याच्या पिशवीत दहा किलो ज्वारी भरून ती रात्रभर खुंटीला टांगतो. सकाळी बंदाशी सुताची भोकं मोठी झालेली दिसली तर ते कापड किंवा ती टीप नापास. तुम्हीही हेच करा, त्याला यंत्र लागत नाही. शिलाईसाठी जालना, बदनापूर भागात बचत गटांच्या बायका उत्तम काम करतात. त्यांना नमुना, माप आणि पैसे वेळेवर द्या. पिशवीमागे दोन रुपये वाचवायला घासाघीस केली तर त्या दोन रुपयांची फुलीच शिवणीतून जाते.

दस्ती तुमच्या यादीतच नव्हती, आणि मला तीच सगळ्यात जास्त चालेल असं वाटतं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशीला जातो तेव्हा डोक्याला काही न गुंडाळता बाहेर पडणारा माणूस आपल्याकडे दिसत नाही. पुरुषांना दस्ती, गाडी चालवणाऱ्या बायकांना तोंडाला बांधायचा स्टोल. मऊ सुती कापड, पांढरट किंवा मातकट रंग, एका कडेला बियांची बारीक नक्षी, कोपऱ्यात दुकानाचं नाव. नाव मोठं नको. कपाळावर जाहिरात बांधून कुणी फिरत नाही. कडेच्या नक्षीसाठी हिमरूच्या वेलबुट्टीकडे बघा, आमच्या संभाजीनगरची विणकामाची कारागिरी आहे ती, तिच्यावरून स्वतःची रचना करून घ्या. पण छापील कापडावर 'हिमरू' किंवा 'पैठणी' असं लिहू नका. ती विणीची नावं आहेत, आणि विणकराचा घास आहे तो.

'हेम्पचं कापड वापरू का?' असंही विचारलंत. वापरू शकता, पण ते सुतीपेक्षा बरंच महाग पडतं आणि बाजारात हेम्प म्हणून येणारं सगळं हेम्प नसतं. दोरा जाळून बघायची पद्धत दुकानदार सांगतात. जळताना कागदासारखा वास आणि मऊ राख राहिली तर वनस्पतीचा धागा, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. तेवढंच त्यातून कळतं. जवसाचा धागा की हेम्पचा, की सूतच, हे जाळून कळत नाही. तिथे प्रयोगशाळेचा अहवालच मागायचा. लेबलवर 'हेम्प' लिहिलं तर सुताचं किती टक्के मिश्रण आहे तेही लिहा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्या लॉटला मी तरी साधं सुती कापडच घेईन आणि लेबलवर 'सुती' असंच लिहीन. आपल्या भागातला कापूस आहे, त्यात कमीपणा कसला?

छपाईबद्दल. सुती पिशवीला आणि दस्तीला पाण्याच्या बेसची शाई घ्या, हाताला लागत नाही आणि कापड श्वास घेतं. टी-शर्टावर प्लास्टिसोल ही प्लास्टिकच्या बेसची शाई चालेल, पण ती साधारण १६० अंशांवर नीट पिकलेली हवी. घाईचा कारागीर भट्टीतून पट्टा जोरात पळवतो, वरून छपाई सुकलेली दिसते, आतून कच्ची राहते. नमुना दोन हातांनी ताणून बघा. शाईला तडे गेले तर ती कच्ची. आणि धुण्याची परीक्षा आपल्या पाण्यात घ्या. कारखानदार मऊ पाण्यात, मशीनमध्ये धुऊन दाखवतो. आपल्याकडे बोअरचं जड, खारं पाणी असतं, धुण्याच्या दगडावर ब्रश बसतो आणि कपडा गच्चीवर भर उन्हात दिवसभर वाळतो. तुमच्या आईला नमुना द्या आणि रोजच्या कपड्यांत महिनाभर धुवायला सांगा. डीटीएफचं स्टिकरसारखं चिकटवलेलं चित्र आमच्या अनुभवात या धुण्याला बरेचदा टिकत नाही, कडेने उचलायला लागतं. पंचवीस-तीस नगांच्या तातडीच्या कामाला ते बरं. ज्या वस्तूवर तुमचं नाव वर्षभर फिरायचं आहे तिच्यासाठी नको.

नाव मराठीत छापा, हे मी आग्रहाने सांगते. तुमच्या नावाची अक्षरं सुंदर आहेत, ती इंग्रजीत कशाला? पण मराठी छापताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. युनिकोडमध्ये लिहिलेलं नाव डिझाइनवाल्याच्या जुन्या कोरलड्रॉमध्ये उघडलं की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. त्याला ते दिसतही नाही, कारण तो चित्र म्हणून बघतो, वाचत नाही. म्हणून फाइल कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, बदलूनच द्या आणि छापायच्या आधी कागदावरची प्रत मोठ्याने वाचा. दुसरं, पडद्याच्या छपाईत, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, बारीक रेघ मरते. रफार, अनुस्वार, ऋकाराचं शेपूट, हे सगळं आधी भरून जातं किंवा तुटतं. जाड वळणाचं अक्षर घ्या आणि नाव तीन बोटांपेक्षा कमी रुंदीत बसवू नका. टोपीवर भरतकामात तर अनुस्वाराचा नुसता गोळा होतो. टोप्या तूर्त सोडाच. चहा-कॉफीचे मगही सोडा, ते गाडीत फुटतात आणि आपल्याकडे चहा अजून कपबशीत किंवा ग्लासातच प्यायला जातो.

टी-शर्ट अगदीच हवा असेल तर तो तिसऱ्या क्रमांकावर. एकच रंग, तीनच मापं. बहात्तर नग घ्या: मीडियम अठरा, लार्ज तीस, एक्स्ट्रा लार्ज चोवीस. १८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचा, बायोवॉश करून मऊ केलेला सुती कपडा. चाळिशीपुढच्या गिऱ्हाइकासाठी कॉलरवाला घ्या, गोल गळ्याचा ती माणसं घरात घालतात, बाहेर नाही. छातीवर डाव्या बाजूला छोटं बी आणि नाव. पाठ कोरी.

पैशांचा हिशेब मांडते, आजचे भाव साधारण धरून. तीनशे पिशव्या, शिलाई-छपाई-लेबलसह नगाला एकशेवीस, म्हणजे छत्तीस हजार. दोनशे दस्त्या-स्टोल, एकशेदहाने बावीस हजार. बहात्तर टी-शर्ट दोनशेसाठने एकोणीस हजारांच्या आत. नमुने आणि धुण्याच्या परीक्षा आठ हजार. ट्रेडमार्कची सरकारी फी नऊ हजार, ती कशी ते पुढे सांगते. एकूण चौऱ्याण्णव हजार. उरलेल्या छप्पन हजारांना हात लावू नका. जे आधी संपेल त्याचा दुसरा लॉट त्यातून काढायचा आहे. पिशवी गल्ल्यावर दोनशे एकोणपन्नासला विका. दुसऱ्या दुकानदाराला ठेवायला दिली तर एकशेसत्तरच्या खाली जाऊ नका, नाहीतर वाहतूक आणि खराब माल धरून हातात काही राहत नाही. टी-शर्टावर जीएसटी पाच टक्के, कारण २२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला तोच दर आहे. बाहेरच्या राज्यात एक जरी टी-शर्ट पाठवायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते.

नाव राखण्याचं काम छपाईच्या आधी करा. ट्रेडमार्क वर्गवार असतो. तुमचं नाव खाद्यपदार्थाच्या वर्गात नोंदलेलं असलं तरी कपड्यांसाठी ते मोकळंच राहतं. कपडे आणि टोप्या पंचविसाव्या वर्गात येतात, पिशव्या अठराव्यात. एकट्या मालकाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी वर्गाला साडेचार हजार रुपये आहे, दोन वर्गांचे नऊ हजार. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करता येतं. अर्ज केल्यापासून 'टीएम' लावता येतं. गोलातलं आर हे चिन्ह नोंदणी हातात पडल्यावरच, आधी लावलं तर तो गुन्हा आहे. आणि नुसतं 'हेम्प' किंवा नुसतं 'बी' हे नाव तुम्हाला एकट्याला मिळणार नाही, कारण ते मालाचं वर्णन आहे. तुमच्या नावातला जो शब्द घरचा आहे, आजीच्या नावावरून घेतलेला, तोच तुमचा खरा ठेवा आहे. तो मोठा लिहा, 'हेम्प' बारीक.

औषधी दावे कपड्यावर, पिशवीवर, कार्डावर कुठेही नकोत. मधुमेह, कर्करोग, अपस्मार अशा कितीतरी रोगांवर उपचाराची जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे. विजयेची, म्हणजे याच झाडाची, आयुर्वेदिक औषधं हा वेगळ्या परवान्याचा वेगळा व्यवसाय आहे, त्यांच्यावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं अशी सूचना छापावी लागते. तो माल तुम्ही विकत नाही, तेव्हा त्याची भाषाही वापरू नका. चिलीम, राखदाणी, लायटर, कागद असल्या वस्तू तुमच्या नावाने कधीच काढू नका, कितीही भाव मिळो.

शेवटचा प्रश्न ऑनलाइन विक्रीचा. करा, पण कपडे आणि खाद्यपदार्थ वेगवेगळ्या पानांवर ठेवा आणि वेगवेगळ्या खोक्यांत पाठवा. हेम्प हा शब्द दिसला की जाहिरात नाकारली जाते, कधी पैसे स्वीकारणारी कंपनी खातं रोखून कागद मागते, हे आमच्या दोन ग्राहकांबरोबर घडलं आहे. कपड्यांचं खातं स्वच्छ राहिलं तर निदान ते चालू राहतं. बियांच्या प्रत्येक खोक्यात बिल, अन्न परवान्याची प्रत आणि त्या लॉटचा तपासणी अहवाल ठेवा. कुरिअरच्या गोदामात खोकं उघडलं गेलं तर तिथल्या तिथे उत्तर मिळतं.

आणि वेळ. आपल्या बाजारात पैसा सोयाबीन आणि कापूस विकला गेल्यावर खेळतो, म्हणजे दसरा ते दिवाळी आणि पुढे लग्नसराई. पिशव्या नवरात्राआधी दुकानात हव्यात. म्हणजे ट्रेडमार्कचा अर्ज जुलैत, नमुने ऑगस्टच्या सुरुवातीला, महिनाभर धुणं, मग छपाई. दस्त्या त्यात आणू नका, त्यांची छपाई जानेवारीत करा आणि फेब्रुवारीच्या शेवटी बाहेर काढा. पहिल्या वीस-पंचवीस पिशव्या तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांना पूर्ण किमतीत विका, भेट देऊ नका, आणि दोन महिन्यांनी तीच माणसं परत आली की पिशवी कशी राहिली ते हातात घेऊन बघा. नमुना तयार झाला की चिकलठाण्याला घेऊन या, बंदाची शिवण मी स्वतः बघून देईन.